बादलीतला समुद्र

सोलापूरच्या सागरी संशोधनात बिराजदार सरांचं स्थान अढळ आहे. ते आमच्या कॉलेजात, जिन्याखाली आहे. गावाला समुद्र नाही, म्हणून सर तो बादलीत करतात. नळाचं पाणी, मीठ आणि ढवळायला आमटीचा डाव.

सर प्राणिशास्त्राचे, मी इतिहासाचा. मेलेल्यांची मोजदाद दोघांच्याही नशिबी. सर मात्र ती करताना खूश होतात. मालवणहून आणलेल्या स्पंजांचा अर्क काढायचा, कोळंबीच्या जातीतल्या इवल्या पिल्लांवर टाकायचा आणि सकाळी भिंगातून बघायचं. पिल्लं मेली, तर तो अर्क कदाचित कॅन्सरच्या पेशीही मारेल.

"स्पंजाला पळता येत नाही बघा," सर सांगतात. "जो जागचा हलत नाही, त्याच्या अंगात विष असतंच की."

हे ऐकलं की मला आमचे प्राचार्य आठवतात.

एका सकाळी सर हसत व्हरांड्यात ओरडले, "गेली! सगळी गेली!" शिपायाने आधी टोपी काढली, मग कारण विचारलं. प्राचार्यांनी दुपारीच सत्कार ठेवला. फलकही आला: 'कॅन्सरवर विजय'.

सत्काराला निघताना सरांनी तुलनेसाठी ठेवलेली दुसरी बशी पाहिली. तिच्यात अर्क नव्हता, नुसतं खारं पाणी. त्यातलीही पिल्लं मेली होती. आदल्या दिवशी बऱ्याच दिवसांनी नळ आला होता. नळ आला की सोलापूरचा माणूस पिंपातलं शिळं पाणी ओतून ताजं भरतो. सरांनीही समुद्र ताजा केला होता. शिळ्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. ताज्यात तो चांगला शाबूत होता.

सरांनी माइक घेऊन सांगितलं, "औषध न दिलेलीही मेली."

"म्हणजे औषध न देताच गुण!" प्राचार्य उद्गारले. टाळ्या पडल्या. सरांच्या अंगावर चादर पडली.

संध्याकाळी सर म्हणाले, "मंद्रूपला येता का? एकट्याला सांगायला जमणार नाही."

मंद्रूपला त्यांची थोरली बहीण राहते. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. पदराखालून तिचं केस गेलेलं डोकं दिसलं, तेव्हा मला सगळं कळलं. कॉलेजात सरांनी कधी अक्षर काढलं नव्हतं.

"जमलं व्हय रं, शिवा?"

"न्हाय, अक्का. साध्या पाण्यानंच मेली. माझ्या औषधानं न्हाय."

अक्कानं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "परत कर की. मला कुटं घाई हाय?"

अक्कानं भाकरीवर तूप वाढलं, तेव्हा कुठे सर जेवले.

परतताना जुळे सोलापुरात त्यांनी शोभेच्या माशांच्या एका दुकानासमोर स्कूटर थांबवली आणि पिल्लांच्या अंड्यांचं नवं पाकीट घेतलं. त्यावर 'माशांचे खाद्य' असं छापलेलं होतं.