रांग बघणारे नाना

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, त्याबद्दल आधीच माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण नानांबद्दल लिहायचं फार मनात होतं. नाना भार टाकल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाहीत. नवी खाट आणली तेव्हा त्यांनी आधी चार शेजाऱ्यांना तिच्यावर बसवलं. खाट मोडली. नाना खूश! "बरं झालं ना, पाहुण्याखाली मोडली असती तर?" असं म्हणून त्या रात्री जमिनीवर झोपले.

नाना आमच्या ह्यांच्या गावचे, धरणगावकडचे. लग्न केलं नाही. मेहरूणला आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन एकटेच राहायचे. केळीवाल्यांच्या सोसायटीत कॉम्प्युटर आला, तो सांभाळायला नाना लागले. एका पेटीला सहा पडदे जोडलेले, आणि सगळा हिशेब पेटीतल्या एका डिस्कवर. काळ्या पडद्यावर नाना एक छोटा शब्द टाइप करायचे, की थोड्या थोड्या वेळाने हिरव्या आकड्यांची एकेक ओळ खाली उतरायची. डिस्क किती टक्के कामात आहे आणि तिच्यापुढे किती कामं खोळंबलीत, ते त्यात दिसतं म्हणे.

"टक्क्यांना घाबरायचं नाही, वहिनी. रांग बघायची, रांग!"

मग ही रांग घरोघर आली. नळावर, रेशनवर, सगळीकडे नाना रांग बघत उभे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी खापरावर मांडे करत होते आणि बाहेर पंगत ताटकळलेली, तर नाना दारातून ओरडले, "वहिनी शंभर टक्के! रांग वाढनी!"

आमचे हे म्हणाले, "नाना, गप बसा, नाहीतर तुमचाच मांडा होईल."

हंगाम जवळ आला तसे सोसायटीचे अध्यक्ष आबा नानांना म्हणाले, "गाड्यांवर गाड्या लागतील. तेव्हा हे डबडं अडकलं, तर मी परत वह्या काढीन आणि तुम्ही गावी जाऊन निंदणी करा."

नानांनी रविवारी कॉम्प्युटरवर भार टाकायचं ठरवलं. पण सहा पडद्यांवर एकदम खोटी बिलं मारायला माणसं कुठली? आम्ही गल्लीतल्या सहा बायका गेलो! मी पदर सावरून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, मान वर करेना.

"आकडे दाबा, मग ही मोठी कळ. चुकलं तरी चालेल," नाना म्हणाले.

"चुकलं तरी चालतं? मग हे काम माझंच," शेजारच्या अक्का म्हणाल्या.

आम्ही दाबत सुटलो. पेटी जात्यासारखी घरघरली आणि सगळे पडदे थिजले. नाना आकड्यांकडे बघत पुटपुटले, "बठ्ठा भार एकीवरच शे."

सगळा भार एकाच डिस्कवर पडत होता, दुसरी हवी होती. आबा म्हणाले, "आधी चालवून दाखवा, मग पैसे." नानांची शिल्लक पुरेना. माझे पापडांचे साठवलेले पैसे होते. बोलायची लाज, म्हणून ह्यांच्या हाती पाठवले.

पुढच्या रविवारी आम्ही परत हजर. आता बिलं एका डिस्कवर, जमाखर्च दुसरीवर. "थांबू नका!" नाना ओरडत होते. माझ्या बांगड्या वाजत होत्या. हळूच मान वळवून पाहिलं, तर रांगेचा आकडा वाढला, डगमगला आणि उतरला. पडदे चालूच! नाना चष्मा पुसत बसले.

"बायांनो, आता तरी थांबा, चहा आलाय," आबा म्हणाले.

त्या हंगामात कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. केळीची गाडी दिसली की मला वाटायचं, हिच्या बिलात माझंही बोट आहे. अजून वाटतं.

नाना माझे पैसे फेडायला दर रविवारी यायचे. कधी वीस रुपये, कधी दहा. नको नको म्हणत जेवायचे. वर्ष उलटलं तरी फेड चालूच. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आबांची सून सहज बोलून गेली, "डिस्कचे पैसे तर मामंजींनी नानांना तेव्हाच एकरकमी दिले."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

रविवारी ताट वाढलं आणि मीच धीर करून विचारलं, "नाना, आमचं घर शंभर टक्के. तुमच्या खोलीवर आकडा किती?"

भाकरी मोडता मोडता नानांचा हात थांबला.

"शून्य," ते म्हणाले. "रांगच नसते. कोनी काही मांगतच नही, वहिनी."

"मग उद्यापासून गिरणीवरून दळण तुम्ही आणायचं. आणि रोज इथंच जेवायचं. त्याला पैशांचं निमित्त कशाला?"

नाना खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी दळणाचा डबा खांद्यावर घेऊन आले. आधी डबा हलवून बघितला, कडी ओढून बघितली, मग खाली ठेवला. आणि झाकणावर एक पाकीट ठेवलं. त्यात माझे राहिलेले सगळे पैसे होते, एकदम, पूर्ण.