नंबर तळाशीच हवा

मेहुण्याने कॉम्प्युटरचं बटण चौथ्यांदा दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पण समोरचा पडदा काळा तो काळाच. त्याच्या पाठीशी बहीण, भाची आणि भाचीचे वडील असे तिघे श्वास रोखून उभे होते. वडील एका कचेरीत अठ्ठावीस वर्षं भांडारपाल होते, आणि वस्तू चालत नाही म्हटल्यावर दोषी कोण हे त्यांना लगेच ठरवायला लागायचं.

"तू काहीतरी उलटं लावलंयस," ते म्हणाले.

"नाही हो दाजी. मला प्रोसेसर एकदा काढून बघू द्या."

"खबरदार! तो दुकानातून बसवून आलाय. त्याला हात लावलास की गॅरंटी गेली. दुकानातल्या बाईंनी बजावून सांगितलंय मला."

कॉम्प्युटर मुलीसाठी होता. ती इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती, वर्षाचं शेवटचं काम दहा दिवसांत द्यायचं होतं, आणि कॉलेजातले कॉम्प्युटर पाचच्या ठोक्याला बंद होत. दोन गल्ल्या सोडून मामाचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानेच सुचवलं होतं, की प्रोसेसर आणि मदरबोर्ड जोडीने घेतले तर चांगली सूट मिळते. प्रोसेसर म्हणजे डोकं आणि मदरबोर्ड म्हणजे ते डोकं जिच्यावर बसतं ती पाटी, एवढं भांडारपालांना समजावून झालं. मग ते एकटेच बाजारात गेले, चार दुकानं पालथी घातली, आणि डोकं पाटीवर बसवलेली एक जोडी भरघोस सवलतीत घेऊन आले. दुकानातल्या बाईंनी ती त्यांच्यासमोर चालवूनही दाखवली होती.

"दाजी, मानलं तुम्हाला! मलासुद्धा एवढ्यात मिळाली नसती," असं मेहुणा म्हणाला होता, आणि भांडारपालांनी ते वाक्य पुढचे दोन दिवस कचेरीत येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं होतं.

घरी आल्यावर रिवाजाप्रमाणे त्यांनी वहीत नोंद केली आणि पुढचे सोपस्कार उरकले. सोपस्कार म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नसे. बायको आणि मुलगी सोडल्या तर तिथल्या प्रत्येक वस्तूला नंबर होता. बारीक ब्रश, पांढरा ऑइलपेंट आणि मोत्यासारखं अक्षर. नंबर कुठे घालायचा याचा नियम ठरलेला: दर्शनी भाग विद्रूप करायचा नाही, नंबर तळाशीच हवा. कचेरीतली तिजोरी नवी आली तेव्हा तिच्या तळाशी नंबर घालायला त्यांनी चार माणसांकडून ती आडवी करून घेतली होती. सासूबाई आठ दिवस राहायला आल्या, तर त्यांच्या काठीच्या टोकालाही नंबर लागला, आणि त्या निघाल्या तेव्हा काठी वहीतून कमी करायला वेगळी नोंद करावी लागली. लोक घरात शिरताना चपला काढतात तितक्याच सहजपणे भांडारपाल नंबर घालत. घातल्याचं त्यांना पुढे आठवतही नसे.

मदरबोर्ड कॉम्प्युटरच्या डब्यात बसवायला मेहुण्याने आदल्या दिवशी आपल्या दुकानात नेला, तेव्हा पाटीच्या पाठीमागे 'घर/२१३' बघून तो पोट धरून हसला होता. "हिचाही नंबर लागला वाटतं!" बाकी सगळं त्याने मन लावून जोडलं. फक्त चालू करून बघितलं नाही. पहिलं बटण भाचीनेच दाबायचं, असं त्याच्या मनात होतं.

तिने दाबलं, आणि हे असं झालं.

"माझ्यासमोर दुकानात चालत होतं," भांडारपाल म्हणाले. "मग काल दिवसभर ते तुझ्याकडे होतं. आज बंद. आता यातून काय समजायचं?"

"काय समजायचं, दाजी?"

"तुझ्या दुकानात जुने भाग खूप पडलेले असतात. एखाद्या वेळी नव्याच्या जागी जुना जातो माणसाकडून. मी आपलं बोलून दाखवलं."

मेहुण्याने वायर गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली आणि भाचीच्या डोक्यावरून हात फिरवून तो चालता झाला. बहिणीने चहा ठेवला होता, तो तसाच उकळत राहिला.

"माझ्या भावाला चोर म्हणालात," बायको म्हणाली.

"चोर हा शब्द मी उच्चारलेलासुद्धा नाही!"

"उच्चारायचं काही बाकी ठेवलंत का? ते काही नाही. कचेरीत टाचणी हरवली तरी लेखी मागता ना? मग मलाही लेखी हवं. दुकानातून लिहून आणा की माल धड दिला होता आणि माझ्या भावाने बिघडवला. नाहीतर त्याच्या दारात जाऊन हात जोडा. तो पुन्हा या घराची पायरी चढला नाही, तर बघा."

मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, मामाने मला सायकल शिकवली. तुम्ही तिला नंबर दिलात."

हे वाक्य भांडारपालांना झोंबलं. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पुढचे दोन दिवस घरात ताट समोर येई, माणसं येत नसत. मुलगी पाचपर्यंत कॉलेजात बसे आणि घरी आल्यावर कागदावर पट्टी घेऊन रेघा ओढी. टेबलावर मेहुण्याचा विसरलेला पेचकस पडून होता, त्याच्याकडे बघायचं टाळत भांडारपालांनी अर्ज लिहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी अर्जाच्या दोन प्रती, डबा आणि परत द्यायचा म्हणून तो पेचकस असं सगळं घेऊन ते दुकानात हजर झाले.

दुकानात गर्दी होती. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "काका, आधी बघू तरी."

"बघा ना! चारचौघांत बघा! मला फक्त एवढंच लिहून द्या, की तुम्ही दिला तेव्हा माल उत्तम होता, आणि पुढे तो नालायक हातांत पडला."

रांगेतली माणसं माना उंचावून बघू लागली. बाईंनी पंखा काढला, बाजूची बारीक दांडी उचलली, प्रोसेसर चिमटीत धरला आणि उलटा केला. तळाशी सोन्याच्या ठिपक्यांच्या रांगा होत्या. त्या ठिपक्यांतूनच प्रोसेसर पाटीशी बोलतो. आणि बरोब्बर त्यांच्या मधोमध पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिलेलं होतं.

"अगं बाई! हे काय? रंगाखाली सगळं झाकलंय. चालणार कसं? हे लिहिलं कुणी?"

भांडारपालांनी अक्षर ओळखलं. आपलं अक्षर माणूस अंधारातही ओळखतो. ती दांडी, तो चौकोनी तुकडा, रंग वाळेपर्यंत हलवलेला पुठ्ठा, सगळं एकदम आठवलं आणि त्यांच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या. पण तोंड मात्र अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने आपोआप उघडलं.

"काय की बुवा. तुमच्याच गोदामात कुणी नंबर घातला असेल."

बाईंनी प्रोसेसर खाली ठेवला आणि अर्ज उचलला. रांगेतल्यांना ऐकू जावं म्हणून नव्हे, त्यांना मोठ्यानेच वाचायची सवय होती. "'आपण पुरविलेली वस्तू क्रमांक घर/२१४, प्रोसेसर, नग एक, ही माझ्या मेहुण्याच्या हलगर्जीपणामुळे...'" त्या थांबल्या. त्यांनी अर्ज बघितला, प्रोसेसर बघितला, पुन्हा अर्ज बघितला. दोन्हीकडचा चाराचा आकडा अगदी जुळा होता.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं."

रांगेत कुणीतरी फसकन हसलं. भांडारपालांना वाटलं, आपल्यालाही कुणीतरी आडवं करावं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवावं. अर्धा तास त्यांनी मान वर केली नाही. बाई स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून एकेक ठिपका पुसत होत्या. शेवटी पडद्यावर उजेड आला.

"लेखी हवं होतं ना?" बाईंनी अर्जाखालीच लिहून दिलं: 'माल दिला तेव्हा उत्तम होता. नंतर त्याच्या तळाशी नंबर घालण्यात आला. मेहुण्याचा संबंध नाही.'

रस्त्यावर आल्यावर भांडारपालांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की अर्ज फाडावा. घरी सांगावं, दुकानाने बदलून दिला. कुणाला कळणार आहे? दोन्ही प्रती त्यांच्याच खिशात होत्या. पण मग मेहुणा तसाच राहिला असता, डोक्यावर आळ घेऊन, दोन गल्ल्या पलीकडे. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की रस्त्यात उभ्या उभ्याच डोळ्यांत पाणी आलं. ते घराकडे वळलेच नाहीत.

मेहुणा दुकानात रेडिओ उघडून बसला होता. त्याने मान वर केली, पण बसा म्हणाला नाही. भांडारपालांनी डबा खाली ठेवला आणि अर्ज पुढे केला. मेहुण्याने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"चुकलो रे," भांडारपाल म्हणाले. "फार वाईट बोललो तुला. शरम वाटते मला." एवढी साधी वाक्यं त्यांनी आयुष्यात लिहिली नव्हती, मग बोलण्याची काय कथा.

मेहुणा बराच वेळ अर्जाची घडी घालत राहिला.

"आणि हा तुझा पेचकस," भांडारपाल घाईघाईने म्हणाले. "राहिला होता आमच्याकडे. जसाच्या तसा आणलाय."

मेहुण्याने पेचकस घेतला. सवयीने मुठीत फिरवला, आणि मुठीच्या तळाशी त्याची नजर थांबली. तिथे पांढऱ्या रंगात, मोत्यासारख्या अक्षरात 'घर/२१५' असं लिहिलेलं होतं.

भांडारपालांनी डोळे मिटून घेतले. "अरे देवा. आण इकडे. पुसून देतो."

"नको," मेहुणा म्हणाला. त्याने पेचकस पिशवीत टाकला, रेडिओवर फडकं घातलं आणि डबा काखोटीला मारला. "नोंद तुमच्या घरची आहे, दाजी. वापरायला आता तिथंच यावं लागणार. चला, पोरीला बटण दाबायचंय."