एका हाताचा बास्केटबॉल

कॉलेजच्या मुलींचा संघ बास्केटबॉल एका हाताने खेळायचा. दुसरा हात चड्डीला. मुलांनी दोन-तीन वर्षं वापरून टाकलेले कपडे मुलींना मिळत, आणि मिळेपर्यंत इलॅस्टिकने मान टाकलेली असे. गेल्या वर्षी अगदी शेवटी कर्णधार मुलीला चेंडू आणि अब्रू यांतलं एक निवडावं लागलं. तिने शहाणपणा केला आणि सामना एका गुणाने गेला.

नव्या कपड्यांचा तिचा अर्ज क्रीडाशिक्षकांनी खणात टाकला. "कपडे खेळत नाहीत, माणसं खेळतात. यंदा पहिलाच सामना हरलात तर संघ बंद!"

तिची आई शिवणकाम करायची. "मी करते मापात," म्हणत ती स्वतःच कॉलेजात मुलींच्या कपड्यांचा गठ्ठा आणायला गेली.

"मुलींचा ना? तो काय, तिथे," शिपाई वर न बघता म्हणाला.

कपाटाखाली एक बोचकं होतं. आईला ती फरशी पुसायची फडकी वाटली. टेबलावर मात्र कोऱ्या कपड्यांचा गठ्ठा होता. पोरींचं नशीब उघडलं म्हणायचं, असं पुटपुटत तिने तोच उचलला.

सामन्याच्या दिवशी मुली मापात बसवलेल्या कपड्यांत नटून आईजवळ उभ्या होत्या, तोच सर धावत आले.

"अहो बाई, हे मुलांचे नवे कपडे! उसवा आधी!"

"उसवते की. पण कापलंय ते कुठून आणू?"

"मग मुलांनी घालायचं काय? त्यांचाही सामना आहे आज!"

"कपाटाखाली आमच्या वाटणीचे आहेत की. आणि सर, कपडे कुठे खेळतात?"

मुली चौदा गुणांनी जिंकल्या. त्यांना दोन हात असल्याचं प्रेक्षकांना प्रथमच कळलं. मुलांचा सामना नंतर झाला. त्यांच्या सगळ्यात उंच खेळाडूपुढे तोच जुना पेच आला. त्याने चेंडू निवडला. टाळ्या खूप पडल्या, पण गुणासाठी नव्हेत. मुलं हरली.

सोमवारी सरांनी मुलांसाठी नव्या कपड्यांचा अर्ज केला आणि तो दुपारपर्यंत मंजूर झाला. फलकावर लावलेला तो कागद कर्णधार मुलगी वाचू लागली. 'ढिल्या कपड्यांमुळे खेळाडूचा एक हात अडकून राहतो...' हे तर तिचंच अक्षर! सरांनी घाईघाईत खणातला अर्ज काढून 'मुलींच्या' खोडून 'मुलांच्या' केलं होतं. खालची सही बदलायची तेवढी राहिली होती.

शिपाई तिला शोधत आला. "ताई, कपड्यांची मापं द्या. अर्ज तुमच्या नावावर आहे ना."

"आईकडे आहेत," ती शांतपणे म्हणाली. "बारा मुलींची."