चैत्रातला हीटर

मुलांनो, एका जंगलात एक जीप होती. एकच होती, म्हणून ती सगळ्यांची होती.

चैत्राच्या भर दुपारी सांबरीण अडली. सुईण हत्तीण राहायची घाटावर. भिकोबा अस्वलाने लगबगीने जीप काढली. त्याच्या शेजारी पंचायतीचे अध्यक्ष कोल्हेसाहेब बसले. त्यांचे काही काम नव्हते, पण पुढची जागा त्यांचीच असे. मागे सांबरीण, आणि तिला धीर द्यायला तात्या कासव.

अर्ध्या घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफ आली. भिकोबा उतरला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालू लागला.

"थांब रे बाबा," तात्या म्हणाले. "आत्ता उघडलंस तर तोंड भाजेल. इंजिन निवू दे, मग पाणी बघ."

"तात्या, तुम्ही गाडी कधी चालवलीय?"

"नाही. वाचलंय फक्त. चुकतही असेन."

बऱ्याच वेळाने झाकण काढले. पाणी तळाला गेले होते, कारण पाइप चिरला होता. भिकोबाने त्यावर फडके घट्ट आवळले आणि कॅनमधले पाणी ओतले.

"आता एसी बंद," तात्या म्हणाले, "आणि हीटर पूर्ण सोड. इंजिनाची उष्णता तेवढीच आत येते."

कोल्हेसाहेबांनी मागे वळून पाहिले. "तात्या, उन्हाळा आहे."

"हो, साहेब."

"आणि हीटर?"

"हो. खिडक्या उघडा हवं तर."

सांबरीण कण्हत म्हणाली, "साहेब, लावू द्या ना. की इथंच बाळंत होऊ, तुमच्या मांडीवर?"

साहेबांनी बटण फिरवले.

काटा खाली आला. गाडी हळूहळू चढली. सगळे शिजले, पण पोहोचले. पाडस सुखरूप जन्मले.

तिसऱ्या दिवशी पंचायत बसली. प्रवासात हाल सोसल्याबद्दल अध्यक्षांना शाल-श्रीफळ मिळाले. भिकोबाला नुसता नारळ. मग ठराव झाला: भर उन्हात हीटर लावायला सांगितल्याबद्दल तात्यांकडून खुलासा मागवावा, आणि जीपचा हीटर कायमचा काढून टाकावा.

"अहो, पण त्याच्यामुळेच तर माझं पाडस..." सांबरीण म्हणाली.

"बाई, तुम्ही मागे होतात," अध्यक्ष म्हणाले. "झळ सगळी माझ्या तोंडावर येत होती."

तात्यांनी चार पानी खुलासा लिहिला. तो पुन्हा वाचताना त्यांनाही वाटू लागले, की आपलेच काहीतरी चुकले असावे.

तात्पर्य: दुसऱ्याचा जीव जरूर वाचवावा, पण पुढच्या सीटवर बसलेल्याला घाम न आणता.