सात नंबरच्या दोन गाड्या

आमच्या सोसायटीत सात नंबरच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या एकाच वेळी, एकाच जागी उभ्या असतात. एक चुन्याची, एक गेरूची. चुन्याची डिझेलवर चालते, गेरूची पेट्रोलवर. म्हणजे चालत दोन्ही नाहीत, कारण दोन्ही जमिनीवर काढलेल्या आहेत. लांबी, रुंदी, चाकांची जागा, आरसे उघडल्यावर किती इंच बाहेर येतात, सगळं कंपनीच्या माहितीपत्रकातून घेऊन, सुतळीला खडू बांधून आखलेलं. पावसाचं पाणी आत शिरलं की गाड्या पुसल्या जातात. नवरात्र आलं की परबकाका गुडघ्यांवर बसून त्या पुन्हा काढतात आणि दसऱ्याला दोघींना झेंडूचे हार घालतात. चाकाखाली लिंबूही ठेवतात. ते कोणी चिरडत नाही. दुसऱ्या दिवशी काका ते सरबताला वापरतात.

मधुकर परब दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. नोकरीभर त्यांनी एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढले. निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांनी जाहीर केलं की आपण डोंगरदऱ्यांत चढणारी, चारही चाकांनी ओढणारी मोठी गाडी घेणार. फक्त डिझेलची की पेट्रोलची, एवढंच ठरायचं होतं. याला सहा वर्षं झाली. मुलुंड पूर्वेला तेवढ्या काळात तीन चाळी पाडून टॉवर उभे राहिले.

मला गाड्यांचा राग आहे, हे आधीच सांगते. मी फूटपाथसाठी पत्रकं लिहिते, वाटते, ती चुरगाळून फेकली की उचलून पुन्हा वाटते. घरापासून भाजीवाल्यापर्यंत जायला दोन टन लोखंड लागणारी माणसं मला समजत नाहीत. आणि काकांकडे तर लोखंडही नव्हतं. नसलेल्या गाडीनेसुद्धा जागा अडवून दाखवणारा हा पहिलाच माणूस.

सोमवारी काका डिझेलच्या बाजूने असत. खालच्या गिअरला ताकद, चढावर दम लागत नाही, एका टाकीत कोकणात जाऊन परत. मंगळवारी पेट्रोल. हलकी, आवाज नाही, आणि जुन्या डिझेल गाड्यांना उद्या शहरात शिरू देणार नाहीत म्हणे. बुधवारी त्यांना पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल आठवे आणि ते पुन्हा डिझेलकडे येत. गुरुवारी डिझेलच्या धुराच्या जाळीत काजळी साठते हे कुठेतरी वाचून बेचैन होत. लिफ्टमध्ये कोणी सापडला की त्याचं मत घेत. लोक जिन्याने जायला लागले. सोसायटीची तब्येत सुधारली असेल तर त्याचं श्रेय काकांना आहे.

"काका, घ्या ना एक कुठलीतरी," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं. "घाईत घेतली काय चढावर कळता, गो."

आता मुलुंड पूर्वेला चढ कुठला? उड्डाणपुलाचा. तिथे बैलगाडीही चढेल. पण कुठला चढ, हे सहा वर्षांत कोणी विचारलं नाही. मीही नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर टेस्ट ड्राइव्हला गेले. मला आमच्या मागच्या खणलेल्या गल्लीचे फोटो हवे होते आणि फुकटात उंच बसायला मिळत होतं. काका गाडी चालवायला बसलेच नाहीत. सेल्समनला चालवायला लावलं आणि स्वतः मागे बसले. शेजारच्या सीटवर पिशवीतून काढून एक नारळ ठेवला. सोललेला, शेंडी असलेला, मोकळा. टायवाला सेल्समन बिचारा हायवेकडे वळत होता. काकांनी त्याला खणलेल्या गल्लीत घातलं.

"सर, हा रस्ता आहे?"

"नकाशात आहे," काका म्हणाले.

पहिल्या खड्ड्याला नारळ डुलला. दुसऱ्याला डावीकडे सरकला. ड्रेनेजच्या पाइपासाठी केलेल्या चरावरून गाडी गेली तेव्हा तो माझ्या पायावर पडला. काकांनी वही काढून सुबक अक्षरात लिहिलं, 'नारळ पडला. डावीकडे.' सेल्समन विचारत होता, सर, फीचर्स दाखवू का, वरचं काचेचं छप्पर उघडू का. काकांना छप्पर नको होतं, त्यांना नारळ न पडणारी गाडी हवी होती. मी पाय चोळत म्हटलं, सीटवर नारळ कोण ठेवतं? तर म्हणाले, "बसणारा माणूस पट्टो लावीतच असा नाय."

मी हा किस्सा दोन महिने सगळ्यांना सांगत होते. नकलेसकट.

मग मी ठरवलं, पुरे. सोसायटीत सायकली सतरा, त्या ठेवायला जागा जिन्याखाली, आणि सात नंबरवर चुना नि गेरू. मी पत्रक काढलं. मथळा: 'रांगोळीला पार्किंग, सायकलीला जिना?' खाली ठराव: दसऱ्यापर्यंत ज्याच्या नावावर गाडी नाही, त्याची पार्किंगची जागा सोसायटीकडे परत. प्रत्येक दाराखाली एक सरकवलं, काकांच्याही. सकाळी ते पत्रक घेऊन माझ्या दारात. मला वाटलं, भांडायला आले. माझं 'दोन टन लोखंड' जिथे जिथे आलं होतं, तिथे त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. "सगळीकडे दोन टन लिवलंस. पेट्रोलवाली त्याच्याहून हलकी हा. दुरुस्त कर."

सभेत ठराव पास झाला. सेक्रेटरी ठक्करभाईंनी विचारलं, "परबभाई, दसऱ्याला घेऊन टाका ने. मुहूर्त पण चांगला. डिझेल के पेट्रोल, बोला." पूर्ण सभा हसली. काका उभे राहिले, वही उघडली, मिटली, बसले. मी टाळ्या वाजवल्या. त्या वाजवल्याचं आता नीट आठवतं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी जागा सोडल्याचा फॉर्म घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडं होतं. टेबलावर फोन स्पीकरवर ठेवलेला, काका चष्मा लावून वहीत लिहीत होते. त्यांनी मला हाताने बसायची खूण केली. फोनमधून बाईचा आवाज येत होता.

"काल पेट्रोल म्हणालात, आज परत डिझेल?"

"अगो, चढ बघ. ओढूक डिझेलच व्हया."

"आणि आवाज? हय कोंबडी अंड्यार खुडूक बसली हा. तुमची डिझेलवाली दारात इली काय उठान पळतली. गोळी घेतलात?"

"घेतली."

"मगे टायरांचा काय ता सांगा."

हे वीसेक मिनिटं चाललं. मला वाटलं होतं काकांना बायको नाही. असली तर गेली असेल. आम्ही सहा वर्षं त्यांच्या गाडीवर इतके हसलो की घरात कोण कोण आहे हे विचारायला तोंड मोकळंच नव्हतं.

फोन ठेवल्यावर काकांनी वही माझ्याकडे सरकवली. रोजची एक ओळ. समासात तारीख, पुढे काकींची हरकत. 'डिझेल: वास भातात उतरेल.' 'पेट्रोल: पंप गावापासून लांब.' 'डिझेल: पायरी उंच, लुगड्यात चढता येणार नाही.' 'पेट्रोल: लाल रंगावर माती दिसेल', आणि त्यापुढे काकांनी कंसात लिहिलेलं, 'माती पण लालच.' शेवटच्या पानांपर्यंत असंच.

गावचं घर डोंगरावर, काका सांगत होते. खालच्या रस्त्यापासून वर जांभ्या दगडाची वाट, गाडी चढत नाही. काकी तिथे सासूजवळ, म्हणजे काकांच्या आईजवळ राहायच्या. सासूला एकदम बरं वाटेना. खाली ॲम्ब्युलन्स येऊन उभी. चौघांनी म्हातारीला खुर्चीत बसवून उतरवलं. अर्ध्या वाटेत खुर्ची कलंडली, ती पडली, उचलली, पण खालपर्यंत ती उरली नाही.

"मी हय मुंबयत. सांगितलेलंय, शनवारी येतंय. ती सुकरवारी गेली." काका फॉर्म बघत होते, माझ्याकडे नाही. "मगे ही माझ्याशी वर्षभर बोलूक नाय. दिवसकार्याक नाय, दिवाळीक नाय. एक दिस फोन करून सांगितलंय, दारापर्यंत चढात अशी गाडी घेतंय. तर ही म्हणाली, डिझेलची काय पेट्रोलची?"

मी माझ्या सवयीप्रमाणे सरळच विचारलं. एवढं आहे तर एसटीने जाऊन राहा ना तिथे.

"जातंय मे महिन्यात. समोरासमोर बसलो काय दोगांय गप. फोनवर बरा बोलणा होता." त्यांनी फॉर्मवर सही केली. नकाशाखाली करतात तशी, लहान आणि सरळ. "गाडी घेतली तर उद्या सांजेक बोलूचा काय?"

मी ठराव मागे घेतला नाही. सतरा सायकली अजूनही जिन्याखाली होत्या आणि जागा एकच होती. फॉर्म घडी करून मी दारापर्यंत गेले. तिथून मी जे म्हटलं ते माझ्या फूटपाथवाल्या संघटनेच्या लोकांनी ऐकलं असतं, तर मला पत्रकं वाटायलाही ठेवलं नसतं.

"काका, इलेक्ट्रिकचा विचार केलात का?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "चढता?"

"पहिल्या क्षणापासून पूर्ण ताकद, असं म्हणतात. आवाज अजिबात नाही. कोंबडी उठणार नाही."

दसऱ्याला सकाळी सात नंबर धुऊन काढला. ठक्करभाईंनी सायकल स्टँडचा नारळ फोडला, मी दोन शब्द बोलले, ते कोणी ऐकले नाहीत. मग आपट्याची पानं घेऊन मी काकांकडे गेले तर दाराला कुलूप. ते गच्चीवर सापडले. पाण्याच्या टाकीशेजारी, सहाव्या मजल्याच्या वर, तीन गाड्या उभ्या होत्या. चुन्याची, गेरूची, आणि ओली, हळदीची. तिघींना झेंडूचे हार. कठड्यावर फोन.

मी पानं त्यांच्या हातावर ठेवली. हात पिवळे होते. फोनमधून काकी विचारत होत्या, आता ही तिसरी खयसून काढलात, आणि हय चार-चार दिस लाईट नसता तेव्हा काय करतलात, ढकलतलात?

काकांनी खिसे चाचपले. मी माझं पेन दिलं. त्यांनी कोरी वही गुडघ्यावर धरली आणि पहिल्या पानावर तारीख टाकली.

"मुद्दो बरोबर हा," ते फोनला म्हणाले. "उद्या बघून सांगतंय."