आबांचं न्यायी यंत्र

आमच्या शेजारच्या आबांच्या घरात पंखा कॉम्प्युटरला होता. आबा स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत. त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवघराला नव्हतं इतकं सोवळं तिथे होतं.

आबा इंदापूरच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. जन्मभराचं दुखणं एकच: सारख्याच चोरीला एक जज्जसाहेब दंड करतो, दुसरा तुरुंग दाखवतो. "साहेबाचं डोकं दुखतंय का, यष्टी उशिरा आली का, ह्याच्यावर माणसाचं नशीब?" म्हणून पेन्शन सुरू होताच त्यांनी बारामतीला कॉम्प्युटरचा क्लास लावला. कॉलेजच्या पोरींशेजारी बसून शिकले, तिथल्या मॅडमकडून प्रोग्रॅम करून घेतला आणि आठवतील तेवढे जुने निकाल त्यात भरले. गुन्हा, वय, मागची शिक्षा टाकली की पडद्यावर निकाल हजर! कुणी हसलं की आबा ठणकावत, "यंत्राला सासुरवाडी नसती!"

मी वकील. त्यामुळे माझ्या पक्षकारांची एक फुकट सुनावणी आधी तिथे व्हायची. एकदा शेळगावच्या जालिंदरला नेलं. घरची मेंढरं विकल्यावर तो ट्रॅक्टरवर राबत होता. कुणाच्या तरी विहिरीवरची पाण्याची मोटार चोरली आणि कोर्टात सरळ कबूल करून बसला. दुसऱ्या दिवशी शिक्षा सुनावणार होते. चांगल्या वागण्याच्या हमीवर सोडा, असं मी मागणार होतो. आबांनी माहिती भरली. पूर्वी एकदा जुगारात दंड झाला होता, तोही. पडद्यावर आलं: सहा महिने कैद.

चपला हातात धरून दारात उभ्या असलेल्या जालिंदरचा चेहराच उतरला. "आबा, ह्यो म्हणतोय तसंच व्हनार का?"

आबा म्हणाले, "न्हाय रं. ह्याला समदं मीच भरवलंय. जुन्या साहेबांच्या चुका बी त्यात आल्या असतील." आबांना यंत्राविरुद्ध बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला ते फार आवडले.

दुसऱ्या दिवशी जज्जसाहेब राजी झाले. पण त्या हमीला जामीन कोण राहणार? येतो म्हणालेले जालिंदरचे चुलते फिरकलेच नव्हते. आता गेला पोरगा आत, असं मला वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आबा उठले.

"साहेब, मी ऱ्हातो."

"आरोपी तुमचा कोण?"

"कोण न्हाय. पण आमची मंडळी वारल्यापास्नं घरात एकलाच हाय. ह्यो रोज सांजंला जेवायला आला, तर माझी नजर बी ऱ्हाईल."

साहेब हसले आणि त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर जालिंदर पाया पडायला वाकला. आबांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

"ते ऱ्हाऊ दे. भाकर कसली खातोस, बाजरीची का ज्वारीची?"