परबकाकांचे मसाले

आमच्या समोरच्या घरात राहणारे परबकाका फोटो काढल्या काढल्या कुणालाही दाखवत नाहीत. आपण वाकून बघायला गेलो की फोन छातीशी धरतात आणि म्हणतात, "वाईच थांब. कच्चो आसा अजून."

मग चष्मा कपाळावर जातो, अंगठा स्क्रीनवर पडतो आणि फोटो त्यांच्या मते शिजतो. फोनमध्ये उजेड, सावल्या, रंग एकदा मनासारखे जुळवून त्याला नाव देऊन ठेवता येतं; पुढे कुठल्याही फोटोला ते एका बोटात लागतं. सगळं जग त्याला प्रीसेट म्हणतं. काका मसाला म्हणतात. "मे महिन्यात वर्षाचो मसालो कुटून ठेवतत ना? तसाच ह्या. रोज रोज मिरच्यो भाजत कोण बसतलो?"

त्यांच्या फोनात 'लग्नाचो' आहे, 'गणपतीचो' आहे, 'बाजाराचो' आहे. बाजाराचो लावला की मुलुंड स्टेशनबाहेरची कालची मेथीसुद्धा आत्ता खुडल्यासारखी दिसते. गणपतीचो इतका भगवा आहे की गेल्या वर्षीच्या आरतीच्या फोटोत पहिल्या मजल्यावरच्या शहाभाईंना स्वतःचा मुलगा सापडेना.

पण खरी वाट लागली ती माझी. माझ्या स्वयंपाकघराच्या छतातून पाणी गळायला लागलं, तेव्हा सोसायटीच्या कमिटीतर्फे फोटो काढायला काका आले. कंत्राटदाराने ते फोटो बघितले आणि मला कौतुकाने विचारलं, "मॅडम, हा रंग कुठल्या कंपनीचा? झकास बसलाय." बुरशी गायब, पोपडे गायब, ओल म्हणजे जणू हौसेने काढून घेतलेली नक्षी. काकांनी गळतीला 'लग्नाचो' लावला होता. मी त्यांना फैलावर घेतलं, तर शांतपणे म्हणाले, "अगो, बाहेरच्या माणसाक आपल्या घराची दैना कित्याक दाखवायची?" काम लांबलं आणि मी ओट्यावर पातेली मांडून स्वयंपाक करत राहिले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतः केलेलं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं घेऊन आले, आणि ते इतकं चांगलं झालं होतं की रागावून राहणं परवडेना.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी नीलम जर्मनीत एका वृद्धाश्रमात नर्स आहे. काका रोज सकाळी हॉलच्या भिंतीला टेकून स्वतःचा फोटो काढतात आणि तिला पाठवतात. ती दर रविवारी तिचा पाठवते. व्हिडिओ कॉल मात्र बरेच महिने झालेला नव्हता. काकांचं नेट नेमकं तेव्हा जायचं, तिची नेमकी तेव्हा ड्युटी असायची.

या पावसाळ्यात काकांना कावीळ झाली. डोळे, नखं, सगळं पिवळं. मी पेज घेऊन गेले की आधी बजावायचे, "नीलूक सांगू नको. कळला तर नोकरी सोडून येतली." आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी नवा मसाला केला, 'आजाऱ्याचो'. पिवळा रंग पार खाली ओढला, गालांना वाईच तांबूस. फोटोत काका महाबळेश्वरहून आल्यासारखे टवटवीत. तो मसाला त्यांना इतका आवडला की त्यांनी तो नीलमलाही पाठवला. "तुझ्या थयच्या म्हाताऱ्यांक लाव," म्हणाले, "त्यांच्या घरची माणसां खूश होतली."

कावीळ उतरली, पण अंगात ताकद येईना. फोटो मात्र रोज ठणठणीत जात होते.

परवाच्या रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. नीलमचा फोटो आला होता. गोरीपान, गाल लालबुंद, हसरी. मी म्हटलं, "छान दिसतेय की."

"केळी बघ," काका म्हणाले.

तिच्या मागे टेबलावर केळ्यांचा घड होता. केळी पांढरीफटक होती, चुना फासल्यासारखी.

मला अजूनही उमगेना. काका म्हणाले, "ह्यो माझो मसालो. आजाऱ्याचो. पिवळा दिसला की खाता तो." आणि मग हळूच, "तिने स्वतःक कित्याक लावल्यान?"

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. ते ऐकत नव्हते. त्यांनी दाढीवरून हात फिरवला, फोन उचलला आणि सरळ व्हिडिओ कॉल लावला. नेट अजिबात गेलं नाही.

नीलम लगेच दिसली. डोळे खोल गेलेले, चेहरा उतरलेला, गालाची हाडं वर आलेली. इकडे काकांचा खप्पड चेहराही तिला मसाल्याविना दिसत होता.

"बाबा," ती म्हणाली, "आपल्या हॉलची भिंत पिवळी आहे ना? पावसाळ्यापासून फोटोत पांढरी दिसतेय. मला आधी वाटलं, नवा रंग दिलात. मग तुम्ही तो मसाला पाठवलात आणि मी तो इकडच्या एका आजींच्या फोटोला लावून बघितला, तर त्यांची पिवळी शाल पांढरी."

"मग इचारलंस नाय ता?"

"मी विचारलं असतं, तर तुम्ही मला विचारलं असतं."

काकांनी मान खाली घातली. आता ते नेहमीसारखं काहीतरी विनोदी बोलतील आणि वेळ मारून नेतील, असं मला वाटलं. कशाचीही दैना बाहेर दाखवायची नाही, या हट्टावर त्या माणसाने आयुष्य काढलं होतं, आणि मी तर तिथेच बसले होते.

"नीलू," ते म्हणाले, "माका एकट्याक गमणा नाय गो."

मग ती म्हणाली, "मलाही नाही गमत, बाबा," आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. काका फोन दोन्ही हातांत धरून तिच्याकडे बघत होते, आणि त्यांना डोळे पुसायचंही सुचत नव्हतं.